हात लावला तरी चालेल : सात फळ्यांच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

काल बाबांना घेऊन बालगंधर्वच्या कलादालनात गेले होते. एका मोठ्या अमूर्त चित्रासमोर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "हे काय आहे गं?" तीस वर्षं चित्रकलेचे वर्ग घेते, पण उत्तर सुचलं नाही. 'ज्याला जे दिसेल ते' असं काहीतरी पुटपुटले. बाबा भले माणूस, काही बोलले नाहीत. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांनी दुसरा प्रश्न काढला. "बरं, ते राहू दे. केलंय कशानं?"

याचं उत्तर मला येत होतं. डेक्कनपासून घरापर्यंत मी बोलत होते आणि बाबा ऐकत होते. ते आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. कशानं आणि कसं केलं, हे कळलं की वस्तू त्यांना आपली वाटते.

रात्री वहीत लिहिलं : एक फूट बाय एक फुटाच्या सात फळ्या करायच्या. प्रत्येक फळीवर एका अमूर्त चित्रकाराची सामग्री किंवा हाताची पद्धत. त्यांच्या चित्रांची नक्कल करायची नाही, ते माझं काम नव्हे. फक्त रंग कापडात कसा मुरतो, रेघ कशी ओढतात, कागद कसा उचलतात एवढंच दाखवायचं. आणि लोकांनी फळीला हात लावायचा. कलादालनात जे करता येत नाही, नेमकं ते इथे करायला मिळालं पाहिजे.

पेठेतल्या वाचनालयाचा छोटा हॉल नोव्हेंबरात मिळेल. नोव्हेंबरच हवा होता. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. यंदा शंभर वर्षं होतात.

३० जून, रविवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, दुकानं बंद, वर्गाला सुट्टी. घरात तीन मीटर मांजरपाट पडून होता, म्हणून पहिली फळी आजच घेतली : हेलन फ्रँकेन्थेलर.

१९५२ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये कोरा कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग ओतला. कोरा म्हणजे अक्षरशः कोरा, अस्तर न लावलेला. त्यामुळे रंग कापडावर बसला नाही, आत गेला. एरवी आपण कापडाला जेसो, म्हणजे पांढरं अस्तर, लावतो तो नेमका हे होऊ नये म्हणून.

मी मांजरपाटाचे दोन तुकडे केले. एकाला मैद्याची खळ लावली, दुसरा धुऊन तसाच ठेवला. दोन्हींवर एकच निळा ओतला. खळीच्या तुकड्यावर रंगाचं तळं झालं, काठाला जाड रेघ आली. कोऱ्या तुकड्यावर रंग आधी गोल पसरला, मग विणीच्या उभ्या-आडव्या धाग्यांनी वाट काढू लागला. अर्ध्या तासाने त्या निळ्याच्या बाहेर बोटभर रुंदीची पिवळट, ओलसर कडा उमटली. भजी काढून ठेवलेल्या कागदावर तेल पसरतं, अगदी तशी. रंग जिथे थांबला तिथे तेल थांबलं नाही, पुढे चालत राहिलं. फ्रँकेन्थेलरच्या चित्रांत कडेला जी मऊ आभा दिसते तिच्याबद्दल मी वर्गात किती वेळा बोलले असेन! ती होते कशी हे आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

तेल सुती धाग्याला हळूहळू ठिसूळ करतं, त्यामुळे ही पद्धत कापडाच्या मुळावर येणारी आहे. साठच्या दशकात त्या स्वतःही ॲक्रिलिककडे वळल्या. माझ्या फळीवर ही कडा मला हवीच आहे. कापड किती वर्षं टिकेल ते पाहू.

१४ जुलै, रविवार

खळ लावलेल्या तुकड्यावर बुरशी आली. राखाडी-हिरवे ठिपके, आणि वास. पुण्याच्या पावसात मैद्याची खळ म्हणजे बुरशीला पंगतच. तुकडा टाकून दिला. कोरा तुकडा ठीक आहे, तोच फळीवर ताणून पाठीमागे पिना मारल्या.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत शिरलं. भाची तिकडेच राहते. दुपारी कशीबशी आमच्याकडे पोचली, आर्किटेक्चरची सगळी ड्रॉइंगं प्लास्टिकच्या नळीत घालून. आज काम नाही.

२८ जुलै, रविवार

भाची अजून इथेच आहे, म्हणून तिसऱ्या फळीचं काम आधी घेतलं : नसरीन मोहम्मदी.

नसरीन १९३७ साली कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, लंडन-पॅरिसला शिकल्या, १९७२ पासून बडोद्याला शिकवत होत्या आणि १९९० साली आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. कागद, पेन्सिल, शाई, आणि ड्राफ्ट्समनच्या टेबलावरची अवजारं, एवढ्यावर त्यांनी सबंध जग उभं केलं. ना रंग, ना आकार. फक्त रेघा. काही समांतर, काही तिरक्या, काही मधेच विरळ होत नाहीशा होणाऱ्या. बहुतेक चित्रांना नाव नाही, खाली तारीखही नाही. शेवटच्या वर्षांत आजारपणामुळे हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता, तरी रेघ हलली नाही.

भाचीने तिची बारीक निबाची पेनं काढली. रेघा छान आल्या, पण सगळ्या सारख्याच, पहिल्या मिलिमीटरपासून शेवटच्यापर्यंत. नसरीनच्या रेघेत जो श्वास आहे तो नाही. बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, चित्रांच्या पुस्तकातलं ते पान जवळ ओढलं आणि म्हणाले, "हे रूलिंग पेनचं काम वाटतंय. माझी पेटी काढ."

कपाटाच्या वरच्या खणातून पेटी काढली. आत निळं मखमल आणि प्रत्येक अवजाराच्या आकाराचा खड्डा. रूलिंग पेन म्हणजे चिमट्यासारखी दोन पोलादी पाती आणि त्यांना आवळणारा एक छोटा स्क्रू. पात्यांमधल्या फटीत ड्रॉपरने शाईचा थेंब सोडायचा, स्क्रू फिरवून जाडी ठरवायची. शाई फार भरली तर पहिल्याच इंचाला ओघळते, कमी भरली तर रेघ अर्ध्यात संपते. बाबांनी पट्टीच्या खालच्या बाजूला दोन ठिकाणी कागदी चिकटपट्टीच्या घड्या लावल्या. पट्टी कागदापासून केसभर उचललेली राहिली पाहिजे, नाहीतर शाई तिच्याखाली झिरपते आणि तासाभराची मेहनत डागाळते.

"पेन उभं धर. पुढे थोडंसं झुकव, म्हणजे ज्या दिशेला जायचंय तिकडे. आणि एकदा निघालीस की थांबायचं नाही. थांबलीस की तिथे गाठ येते."

पहिल्या अकरा रेघांना गाठी आल्या. बाराव्या रेघेला कळलं की हात नाही, खांदा हलवायचा असतो. पुढे पुढे रेघ शेवटाकडे येताना आपोआप हलकी होऊ लागली, कारण पात्यांतली शाई संपत येते. ती नाहीशी होण्याची जागा मी ठरवत नव्हते, थेंब ठरवत होता. थेंब केवढा घ्यायचा, एवढंच माझ्या हातात.

संध्याकाळपर्यंत ८४ रेघा झाल्या. बाबांनी पुस्तकातलं पान पुन्हा पाहिलं. "या बाईंनी सलग ओढलंय," ते म्हणाले. "मधे चहाला उठलेल्या नाहीत." मग पान उलटून पुढचं पाहिलं, त्याच्या पुढचंही. हे काय आहे, असं एकदाही विचारलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

प्रभाकर बरवे. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शिंपला ओळखू येतात, त्यामुळे शुद्ध अमूर्तात त्यांना बसवावं का हा वाद होऊ शकतो. मी बसवते, कारण मला इथे त्यांची सामग्री दाखवायची आहे. ते कॅनव्हासवर इनॅमल वापरत. आपण दारं-खिडक्या रंगवतो ते.

बोहरी आळीत जाऊन 'ऑइलपेंट' मागितला की हेच मिळतं. चित्रकाराचा तैलरंग हवा असेल तर 'ट्यूब' म्हणावं लागतं. शब्द एक, वस्तू दोन. ट्यूबमधला रंग लोण्यासारखा असतो, ब्रशची खूण धरून ठेवतो. इनॅमल लावलं की स्वतःच पसरून सपाट होतं, ब्रशच्या खुणा पुसून टाकतं. वाळल्यावर असा पृष्ठभाग राहतो की कोणाचा हात लागलाय हे कळू नये. बरव्यांच्या वस्तू एवढ्या सपाट, एवढ्या शांत आणि एकमेकींपासून तुटलेल्या का वाटतात, याचं एक कारण या डब्यात आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते. तिथे तंत्रसाधनेतल्या प्रतिमांशी ओळख झाली. ते दुसरं कारण.

फळीचा डावा अर्धा भाग ट्यूबने, उजवा अर्धा इनॅमलने रंगवला, दोन्हीकडे तोच राखाडी. डोळे मिटून बोट फिरवलं तरी सीमा कळते.

१८ ऑगस्ट, रविवार

जेराम पटेल यांची फळी. त्यांनी ब्लो टॉर्चने प्लायवूड जाळून चित्रं केली. १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०' चं जे एकमेव प्रदर्शन झालं त्या बारा जणांत ते होते, आणि आपल्या अकोल्याचे अंबादासही. नाव ऐकून वाटतं सालाचं आहे, पण तो भावनगरमधल्या एका घराचा क्रमांक, जिथे ही मंडळी जमली होती.

सुतारकाकांच्या दुकानाबाहेर काम केलं. घरात आग नको. त्यांनी स्वतःच टॉर्च धरला. प्लायचा वरचा थर जळतो, त्याखालचा आडव्या रेषांचा थर दिसतो, मग त्याखालचा उभा. डिंकाच्या थराशी ज्वाळा जरा अडखळते. काका म्हणाले, "ताई, इतकी वर्षं प्लाय जळू नये म्हणून जपतोय, आज मुद्दाम जाळतोय." वीस मिनिटांत फळी झाली. सगळ्यांत सोपी हीच.

१ सप्टेंबर, रविवार

गायतोंडे. इथे घाई करायची नाही असं ठरवून बसले आणि तरी घाई झाली.

ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठल्याच वस्तूचं चित्र नसलेली. दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहत, वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करत. कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले तुकडे रंगावर दाबून उचलत, तिथला रंग उचलला जाई आणि खालचा प्रकाश वर येई. ते उजळ, तरंगणारे आकार 'काढलेले' नाहीत. काढून घेतलेले आहेत. बाकीचा वेळ खुर्चीत बसून पाहणं.

आज मी ट्यूबमधला हिरवा थेट रोलरवर घेतला. फळीवर संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार पोत आला, एकसारखा, निर्जीव. दोन तास हात चालवला, पण दाणे गेले नाहीत. खरवडून टाकलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी. रात्रभर ढोल, आज दुपारपर्यंत मिरवणूक चालूच. झोप नाही, म्हणून पहाटे फळी घेतली.

मधल्या पंधरवड्यात टर्पेंटाइन आणि थोडं जवसाचं तेल घालून पातळ केलेले तीन थर दिले होते : आधी पिवळा, मग गेरूचा, मग हिरवा. प्रत्येक थरात आधीच्यापेक्षा तेल थोडं जास्त, कारण वरचा थर खालच्याआधी कडक झाला तर भेगा जातात. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्याला त्याचा वेळ लागतो. माझ्या खोलीतल्या ओलीत नेहमीपेक्षा दुप्पट दिवस लागले.

चौथा थर रोलरने दिला, वर्तमानपत्राचे तुकडे फाडून दाबले, ओढले. चौथ्याबरोबर तिसरा थरही निघून आला. आणि जिथे कागद होता तिथे छपाईची शाई उतरली. ओल्या हिरव्यावर उलटी अक्षरं. आरशात धरली तर 'धरण भरले' असं वाचता येत होतं.

क्षणभर वाटलं, राहू द्यावं, सुंदर आहे. पण मला शब्द नको होते. नीट बघितलं तेव्हा एवढं कळलं : कागद फाडलेला असेल तरच कड मऊ येते. कात्रीने कापलेल्या तुकड्याची कड खिडकीसारखी दिसते. फाडताना कागदाचे तंतू बाहेर येतात, ते काठावरचा रंग थोडा थोडा उचलतात.

२९ सप्टेंबर, रविवार

झरिना हाश्मी यांच्यासाठी कागद हवा होता, म्हणून या आठवड्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन आले. १९४० पासूनची ही संस्था. सुती कातरणाचा लगदा कुटून, जाळीच्या चौकटीवर उचलून इथे कागद करतात. झरिना अलीगढच्या, शिक्षणाने गणिती. त्या नुसत्या कागदावर काम करत नसत, कागदाचा लगदा साच्यात ओतून त्याचंच शिल्प करत. घर हा त्यांचा कायमचा विषय.

मी तिथला जाड कागद आणला, दोन दिवस भिजवला, मिक्सरमधून काढला. साचा म्हणून काय घ्यावं सुचेना. मग आजीचा पाटा आठवला. गॅलरीत उभा करून ठेवलेला, वर्षानुवर्षं न वापरलेला. त्यावर लगदा पसरून स्पंजने दाबला आणि पंख्याखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी सुरीच्या पात्याने एक कड सोडवली आणि सगळा कागद एका तुकड्यात सुटून आला. पाट्याला शेवटची टाकी लावून किती वर्षं झाली असतील! ते छिन्नीचे सगळे घाव कागदावर उलटे, उंचवटे होऊन आले. मधला भाग गुळगुळीत आहे. वरवंटा फिरून फिरून तिथली टाकी झिजली होती. आजीच्या हाताची रुंदी त्यात मोजता येते.

या फळीवर रंग नाही. लावणारही नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सातवी फळी खरं तर जूनपासून चालू आहे, आपोआप. खिडकीच्या काचेला आतून चार पट्ट्या चिकटवल्या होत्या : हळद, गेरू, रांगोळीचा गुलाबी, जलरंगाचा निळा. चारही डिंकाच्या पाण्यात कालवून लावलेले, प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकलेला. आज कागद काढला.

हळद उघड्या भागात जवळजवळ गेली आहे. गुलाबी अर्ध्यावर आला. निळा तसाच. गेरू तर पाहायलाच नको, लोखंडाचं ऑक्साइड ते, त्याला ऊन काय करणार.

ही फळी मार्क रॉथकोंसाठी. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका भोजनगृहासाठी त्यांनी मोठी गडद किरमिजी चित्रं केली, १९६४ मध्ये ती लागली. त्यात लिथॉल रेड नावाचा लाल होता, तो उजेडात टिकत नाही. मोठ्या खिडक्यांतून ऊन येत राहिलं, लाल उडत गेला, १९७९ साली चित्रं उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा हरवलेला रंग प्रोजेक्टरच्या उजेडाने त्यांच्यावर पाडला होता, कॅनव्हासला हात न लावता. चित्रकाराने रंगाची ट्यूब निवडताना मागचं बारीक अक्षरातलं वाचावं, असं मी वर्गात दर वर्षी सांगते. यंदापासून हळदीची पट्टी दाखवीन.

२० ऑक्टोबर, रविवार

गायतोंडे, तिसऱ्यांदा.

या वेळी थरांमध्ये दहा-दहा दिवस सोडले. सगळ्यात वरचा थर काल रात्री दिला, अगदी पातळ, रोलर आधी जुन्या फळीवर फिरवून कोरडा करून. आज सकाळपासून दर तासाला कोपऱ्यात करंगळी टेकवून पाहिली. नऊ वाजता रंग बोटाला आला. दहा, अकरा, तेच. सव्वाबाराला बोट चिकटलं, पण उचललं तर बोटावर रंग नव्हता. अजून थोडं थांबले. एकच्या सुमारास बोट जेमतेम अडखळलं. हीच वेळ.

वर्तमानपत्र टाळून चहाच्या पुड्याचा कोरा तांबूस कागद घेतला, बोटांनी फाडला. दाबला, तळहाताने, नखाने नाही. मग एका कोपऱ्यातून उचलायला सुरुवात केली. बारीकसा चर्रर्र असा आवाज येतो. कागदाखालचा हिरवा त्याच्याबरोबर वर आला, सगळा नाही, कुठे पूर्ण, कुठे धुक्याएवढा. त्या पोकळीतून गेरू दिसला, आणि एका ठिकाणी, दोन बोटांएवढ्या जागेत, थेट खालचा पिवळा. तिथे फळीच्या आतून दिवा लागल्यासारखं झालं.

सहा तुकडे उचलले आणि थांबले. सातवा हातात होता, तो टाकून दिला.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाचनालयाचा हॉल. टेबलं मांडून सात फळ्या आडव्या ठेवल्या, भिंतीवर टांगल्या नाहीत. प्रत्येकीशेजारी कार्ड : कशाने, कसं, किती दिवस. दारात पाटी : हात लावला तरी चालेल.

पहिला अर्धा तास कोणी हात लावेना. सगळे पाठीमागे हात बांधून वाकून बघत होते. मग एका लहान मुलाने पाट्याच्या कागदावर तळवा ठेवला आणि त्यानंतर थांबवता येईना.

दुपारी एक गृहस्थ आले, जुन्या छापखान्यात मशीनवर होते म्हणाले. पाचव्या फळीवरून बोट फिरवलं, कार्ड न वाचता. "इथे कागद टाकून ओढलाय. हा इथला तुकडा आधी, हा नंतर, कारण इथे रंग जास्त आळलाय." क्रम बरोबर होता. मी त्यांना गायतोंड्यांबद्दल सांगितलं. त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं. वाकून आमच्या वहीत देवनागरीत नीट लिहून घेतलं, जन्मसालासकट.

११ नोव्हेंबर, सोमवार

फळ्या घरी आणल्या. मांजरपाटाची मळाची कड आता तेलाच्या कडेत मिसळली आहे. जळक्या प्लायचा कोळसा पार घासला गेला, दोन दिवसांत सगळ्यांची बोटं काळी. पुढच्या वेळी शेजारी ओला रुमाल ठेवायचा. पाचव्या फळीचा उजवा कोपरा बोटांनी चकाकायला लागला आहे. नसरीनच्या फळीवर एकही डाग नाही, त्या रेघांवर लोकांनी हात न टेकता हवेतून बोट फिरवलं. बाबांनी दोन्ही दिवस त्याच टेबलाशी खुर्ची टाकली होती, रूलिंग पेन हातात घेऊन.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "जूनमध्ये बालगंधर्वला ते मोठं चित्र पाहिलं होतं ना आपण, त्यात रोलर होता का ब्रश?"

मी आठवून पाहिलं. निळा आठवला, डाव्या बाजूचा मोठा करडा भाग आठवला. रंग लावला कसा होता, ते काही केल्या आठवेना.